दाजीसाठी हलकी केलेली एकनळी

लाइल ओस्टगार्डला कुठलीही वस्तू आहे तशी बघवत नसे. नवी कुऱ्हाड आणली की आधी तिचा दांडा तासायचा, नवी होडी आणली की बाकं उखडायची. बायको सोडून गेली तेव्हा दारातून म्हणाली होती, "निदान मला तरी कानस लावू नकोस." गावात हा किस्सा अजून चवीनं सांगतात. पण माणूस मनानं वाईट नव्हता, आणि खरं दुखणं तेच आहे. वाईट माणसानं वाटोळं केलं तर चार शिव्या हासडून मोकळं होता येतं. लाइलला शिव्या कुणी आणि कशा द्यायच्या?

मार्चमध्ये तो बहिणीकडे, आयरीनकडे जेवायला गेला होता. बाहेर बर्फ, आत मूस हरणाच्या मांसाचा रस्सा. त्याचा दाजी, ड्यूई कांगास, पाव मोडता मोडता म्हणाला, "या सप्टेंबरच्या शिकारीला मला धरू नकोस, लाइल. ती बंदूक जड जाते रे हल्ली."

लाइलचा घास हातातच राहिला. टॅनाना नदीच्या वरच्या अंगाला दोघांनी मिळून लाकडी खोपटं बांधलं, तेव्हापासून एक शरद चुकला नव्हता. बंदूक दाजीचीच, एकनळी, बारा बोअरची, लांब नळीची, पण ती वर्षभर खोपटाच्या दारावर दोन खिळ्यांवर असायची. जो आधी उठेल त्यानं ती घ्यायची आणि न्याहारीला रानकोंबडी आणायची. आधी नेहमी दाजीच उठायचा. दाजीशिवाय खोपटं म्हणजे नुसती चार भिंतींची लाकडं. तो येणारच नसेल तर लाइल तिथं जाऊन करणार काय, भिंतींशी गप्पा?

"जड? एवढंच ना?" लाइल म्हणाला. "ते माझ्यावर सोड."

दाजी काहीतरी बोलणार होता, पण त्यानं पाव रश्श्यात बुडवला. आयरीन उगाचच भांडी घासायला लागली.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या. त्या मुलखातले पुरुष दुखणं तोंडानं सांगत नाहीत. याच दाजीनं एकदा स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली होती आणि खोपटात येऊन म्हणाला होता, "बूट फाटला." लाइल त्याच मातीतला, त्याला हे कळायला हवं होतं. पण हत्याराचं नाव कानावर पडलं की त्याचे हात शिवशिवायला लागायचे, आणि मग बाकीचं सगळं ऐकू येणं बंद.

नदी गोठलेली होती तोवरच त्यानं बर्फावरची गाडी काढली आणि खोपटातून बंदूक घरी आणली. मग काय विचारता! कायद्यात बसेल एवढी ठेवून नळी करवतीनं कापली. नळीचं तोंड टोकाशी किंचित आवळलेलं असतं, छर्रे एका गठ्ठ्यात जावेत म्हणून. तो तुकडाही कापण्यात गेला. नळीच्या टोकावरची, नेम धरायची पितळी माशी गेली, तिच्या जागी त्यानं मागं एक बारीक पोलादी कडं बसवलं. त्या कड्यातून बघितलं की नेम पक्का. दस्ता आखूड केला, आतून पोकळ केला, त्यात आगपेटी आणि गळ ठेवायला जागा केली. दस्त्यावर काडतुसांचा कातडी पट्टा, खांद्याला वादी, आणि नळीत सरकवायची एक पुंगळी, म्हणजे सशासाठी लहान काडतूसही उडवता येईल. रानकोंबडीपासून अस्वलापर्यंत एकाच बंदुकीत सगळा संसार! वजन जवळजवळ निम्मं. इतकं सुबक काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि ते त्याला स्वतःलाही माहीत होतं.

सप्टेंबरात तो ती घेऊन दाजीच्या दारात उभा राहिला.

दाजीनं बंदूक हातात घेतली. नळीवरून हात फिरवत फिरवत टोकाला नेला, आणि टोक फारच लवकर आलं. हात तिथंच थांबला.

"किती रे हलकी केलीस," तो म्हणाला.

"मग! आता सबबी बंद, दाजी. बॅग भर."

इतक्या खटपटीपुढं नाही कसं म्हणायचं? दाजीनं बॅग भरली. आयरीन भावाला बाजूला घेऊन म्हणाली, "सांभाळून आण त्याला." लाइल हसला. "अगं, तो मला सांभाळेल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं खोपटातून लाकूडतोड्यांच्या जुन्या वाटेनं निघाले. बर्चची पानं पिवळी झाली होती, सगळीकडे पिकल्या क्रॅनबेरीचा आंबूस वास. वळणावर एक रानकोंबडी खडे टिपत बसली होती, शाळेतलं पोरही दगडानं मारेल इतकी जवळ.

"मार, दाजी. पहिला मान तुझा."

दाजीनं बंदूक खांद्याला लावली. गाल टेकवला, कड्यातून बघितलं. मान थोडी डावीकडे केली, मग उजवीकडे. कोंबडी बिचारी वाट बघत बसली. शेवटी बार उडाला. हलकी बंदूक उसळून दाजीच्या ओठावर आपटली, आणि कोंबडी फडफडत झाडीत गेली.

लाइल पोट धरून हसला. "अरे, तिला सांगून तरी मारायचीस! म्हातारा झालास, दाजी!"

"झालो खरा," ओठ पुसत दाजी म्हणाला.

पुढं दुसरी बसली होती. दाजी काडतूस भरायला गेला. ते नळीच्या कडेला लागून खाली पडलं. तो वाकला आणि पाचोळ्यात चाचपडायला लागला. लालभडक काडतूस त्याच्या बुटापाशीच पडलं होतं, आणि त्याचा हात त्याच्या आजूबाजूनं फिरत होता. लाइलचं हसू तिथंच विरलं. त्यानं काडतूस उचललं आणि दाजीच्या तळहातावर ठेवलं.

"कधीपासून?"

"तीनेक वर्षं." दाजी एका पडलेल्या झाडावर बसला. "मधोमध धुकं आहे. कडेकडेनं दिसतं. डॉक्टर म्हणाली, परत नीट होणार नाही, फक्त वाढेल."

"पण गेल्या साली तर तू माझ्यापेक्षा जास्त मारल्यास!"

"तेव्हा नळी लांब होती ना. समोर काहीतरी काळं दिसलं की बोट दाखवावं तशी धरायची. टोक तेव्हाही दिसत नव्हतं, पण ते कुठं आहे हे हाताला ठाऊक होतं. या तुझ्या कड्यातून बघितलं की धुकं बरोबर मधे येतं."

लाइलनं कपाळावर हात मारला. "अरे मग सांगायचं होतंस, गाढवा! जड आहे म्हणालास मला."

"जड जाते म्हणालो." दाजीनं तळहातावरचं काडतूस फिरवलं. "मला वाटलं होतं, तू म्हणशील, नुसता चल. बंदूक मी धरतो, तू चुलीपाशी बस, कॉफी कर. तेवढंच हवं होतं."

लाइल भडाभडा बोलायला लागला: नवी नळी आणतो, लांब आणतो, दस्ता परत जोडतो, तसाच्या तसा करतो, हिवाळ्यात वेळच वेळ आहे.

"नको रे," दाजी म्हणाला. "नवी नळी माझ्या हातांना कुठं माहीत असणार? ती शिकायला वर्षं जातात. तेवढी वर्षं माझ्यापाशी नाहीत." आणि मग लाइलची समजूत घालावी तसं म्हणाला, "काम मात्र देखणं केलंयस."

जुनी बंदूक तशीच असती आणि लाइल नुसता 'चल' म्हणाला असता, तर हा माणूस अजून एखादा शरद, कदाचित दोन, सगळ्यांच्या आधी उठून दाराबाहेर पडला असता. ते दिवस लाइलनं स्वतःच्या हातानं करवतीखाली घातले होते, आणि वर शीळ घालत घातले होते. असलं काही कानस लावून दुरुस्त होत नाही.

परतताना लाइलनं ते काडतूस भरून बंदूक स्वतःकडे घेतली, आणि दाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं. इतकी वर्षं या वाटेवर दाजी पुढं असायचा आणि लाइल मागून बडबडत यायचा. आज लाइल पुढं होता आणि दाजीच्या बेतानं पावलं टाकत होता.

उतारावर लाइल थबकला. वाटेच्या मधोमध एक गलेलठ्ठ रानकोंबडी, मान वर करून बघत होती. भरलेली बंदूक त्याच्याच हातात होती.

"का थांबलास?" दाजीनं विचारलं.

"काही नाही. ओंडका पडलाय वाटेत. वळसा घालू."

दोघं दोन पावलं बाजूला सरकले, तोच फर्रर्र आवाज करत कोंबडी त्यांच्या नाकासमोरून उडाली.

"लाइल," दाजी म्हणाला, "तुझा ओंडका उडाला बघ."

आणि तो हसला, अगदी पूर्वीसारखा, खांदे हलवत. लाइलनं हसायचा प्रयत्न केला, आणि बाहीनं डोळे पुसले. बरं झालं, दाजीला त्याचं तोंड दिसत नव्हतं.