बैलाची पुडी

अंबाबाईच्या दावणीचा बैल आणि अंबाबाईच्या घरची पोर कधी दुसऱ्या नंबरात येत नाही, असं निमगाव सावा गावात म्हणायची चाल होती. म्हणणारी बहुतेक वेळा अंबाबाईच असायची.

शर्यतीच्या घाटात बैल पळवणारं घर ते. माणसं शिळी भाकरी खातील, पण बैलाला उडदाचं पीठ, अंडी, दूध चुकायचं नाही. वर आळेफाट्याहून बैलांचा व्यापारी गेणभाऊ आणून द्यायचा ती पांढरी पुडी. पुडीला ना नाव, ना गाव. पण ती चारली की थकलेला बैल तुकतुकीत व्हायचा आणि शर्यतीला धनुष्यातून बाण सुटल्यागत सुटायचा.

नात संस्कृती जिल्ह्याला पळायला लागली आणि सराव करून आली की गुडघे धरून बसायला लागली, तेव्हा अंबाबाईनं कुणा शहाण्याला विचारलं नाही. मुक्या जनावराला मानवतं ते माणसाला का मानवू नये? रोज सकाळी पोरीच्या दुधात ती पुडीतली चिमूट टाकायची. वरून साखर चांगली सढळ हातानं, म्हणजे चव कळायला नको.

गुडघे दुखायचे थांबले. गाल भरले. शेजारची रत्ना म्हणाली, "आत्या, पोरगी सुजल्यावानी दिसती."

"तुझ्या पोरीची गालफडं बसली म्हणून दुसरीचं भरल्यालं त्वांड सलतं व्हय गं तुला?"

रत्ना गेली ती पुन्हा बोलली नाही. पण सरावात संस्कृतीच्या पोटरीत मोडलेला बाभळीचा काटा निघून महिना झाला तरी जखम ओलीच होती. ठणका नाही, ताप नाही, नुसती ओली. अंबाबाईनं हळद दाबली. बघून न बघितल्यासारखं केलं.

राज्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली तशी ज्ञानेश्वर सर घरी आले. पळायला शिकवणारे तेच. म्हणाले, "तिथं लघवी तपासतात बरं का. औषध घेतलेलं सापडलं की बाहेर."

"तपासू द्या की," संस्कृती हसली. "सापडलंच तर आज्जीचं दूध सापडंल."

सगळे हसले. अंबाबाईनं चुलीत लाकूड सारलं.

दुसऱ्या दिवसापासून चिमूट बंद. झाकली मूठ राहील, अंगातलं आपसूक धुऊन जाईल, असा तिचा हिशेब. पण पोर सकाळची उठेना. खाल्लेलं टिकेना, उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधारी. बाप दादाभाऊ म्हणाला, "भेदरलीय. एवढ्या लांब कधी गेलीय का?" अंबाबाईनंही मान हलवली. भ्याली असेल.

मग एका सकाळी मैदानावर पळायला सुटायच्या आधीच ती खाली बसली, आणि बसली ती आडवीच झाली.

आळेफाट्याच्या दवाखान्यात सलाईनवर सलाईन चढलं. ताप फणफणला होता, पोटरी काळीनिळी, आणि रक्तदाब काही केल्या वर येईना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही घेत होती का? शक्तीचं, दुखण्याचं?"

"छे ओ मॅडम," दादाभाऊ म्हणाला. "घरचं दूधतूप."

दारात ज्ञानेश्वर सर उभे. अंबाबाईला सगळं दिसत होतं. बोललं तर पोरीचं पळणं संपलं, घराण्याचं नाव गेलं. नाही बोललं तर? पोरीची नखं पांढरी पडत चालली होती. नाव मागं ठेवून करायचं काय, जाळायचं?

"मी बैलाची पुडी घालत व्हते," ती म्हणाली. "दुधातनं. तिला ठावं नाय."

दादाभाऊनं आईकडं असं बघितलं, की तिनं मान खाली घातली.

"बंद कधी केली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तपासनार म्हनले तवा. येकदम."

डॉक्टरीणबाई नर्सवर ओरडल्या. इंजेक्शन आलं, टोचलं, आणि मगच त्या वळल्या. "पुडी आणून द्या, तपासायला पाठवते. पण लक्षणं बोलतायत, स्टेरॉईडच असणार. अंग स्वतःसाठी जे बनवतं, तेच तुम्ही बाहेरून घातलं. अंगानं बनवायचं सोडलं, मग तुम्हीही सोडलंत. रोगाशी झुंजायची ताकद आधीच मेली होती. जखमेतलं विष आतल्या आत पसरत गेलं."

"आता काय दिलं?" दादाभाऊनं विचारलं.

"तेच. तेच द्यावं लागतं. आणि कणाकणानं कमी करायचं. किती महिने, सांगता येत नाही. तोवर साधी सर्दीसुद्धा हिला आडवी करेल."

सर हळू आवाजात म्हणाले, "मला वर कळवावं लागेल. कुणी दिलं, का दिलं, हे तिथं कुणी विचारत नाही, आजी."

संध्याकाळी पोरीनं डोळे उघडले. सरांचं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं. ती आज्जीकडं बघेना, नुसती छताकडं बघत राहिली.

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खोकला. अंबाबाईनं स्टूल ओढलं, दोन खाटांच्या मधे पोरीला आडोसा करून बसली.

"पावणं, त्वांड तिकडं करून खोका."

"आवो बाई, खोकला काय माझ्या सांगन्यातला हाय?" म्हातारा हसला, आणि हसता हसता त्याला पुन्हा उबळ आली.