चार अंशांवर अडकलेला मी

मित्रांनो, लसीकरणाच्या खोलीत फ्रिजशेजारी बसलेला जुना संगणक तो मीच. कीबोर्डवरची पुसट अक्षरं पाहिलीत की माझं वय कळेल. पूर्वी मी एका कार्यालयात पत्रं टाईप करायचो. तिथे नवा आला आणि माझी रवानगी इथे झाली. काम एकच. फ्रिजमधल्या तापमापकाची वायर माझ्या पाठीत खोचलेली. दर मिनिटाला तापमान वाचायचं, नोंदवायचं, दाखवायचं आणि आठ अंशांच्या वर गेलं की भोंगा वाजवायचा. आत बाळांच्या लसी असत.

"सोन्यासारखा आहे हो," सिस्टर म्हणायच्या. तरी रोज दोनदा आतला काचेचा तापमापक बघून वहीत आकडा लिहायच्याच. केर काढणाऱ्या मावशी हसायच्या, "सोनं म्हणता आणि वर पहारा ठेवता होय?"

मग मला एक खोड लागली. मधूनच माझा आकडा गोठायचा. कुणीतरी मला बंद करून चालू करायचं, मी शहाण्यासारखा वागू लागायचो आणि सगळे विसरून जायचे. काम नेमकं कुठे अडकलं होतं, ती खूणही तेवढ्यात पुसली जायची.

एके दिवशी सिस्टरांनी सकाळी नऊ वाजता पाहिलं, तर फ्रिजचं दार अर्धवट लागलेलं. आत अकरा अंश. माझ्या स्क्रीनवर चार. भोंगा गप्प. त्यांनी सगळ्या कुप्या बाजूला काढल्या आणि आलेल्या आयांना उद्या यायला सांगितलं. एक आई मात्र हलेना.

"काल दुपारी माझ्या बाळाला दिलेली लस चांगली होती ना?"

"ही बघा वही. सकाळी पाच अंश, संध्याकाळीही पाच अंश."

"आणि मधे?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आपला चार दाखवत बसलो होतो.

दुरुस्तीवाल्या ताई आल्या तोवर मावशींचा हात बटणापर्यंत गेला होता. "बंद करून चालू करते, नेहमीसारखं."

"अहो मावशी, हात लावू नका! पुरावाच जाईल."

ताईंनी आधी माझ्या नोंदी उघडल्या. कालच्या दिवसभराच्या सगळ्या होत्या, चार आणि पाच अंशांच्या मधल्या. शेवटची होती आज सकाळी सात दहाची. "कालची लस चांगली होती," त्या म्हणाल्या. ती आई बाकावर बसली आणि तिने बाळाचं डोकं गालाशी धरलं.

मग ताईंनी तापमान वाचणाऱ्या त्या अडकलेल्या कामाला मरण्याचा, म्हणजे बंद पडण्याचा, हुकूम दिला. ते मरेना. त्याचं असं असतं, मित्रांनो. माझ्या पोटात सगळ्या कामांचा एक कारभारी आहे, त्याला कर्नेल म्हणतात. तापमान हवं असलं की काम त्याच्याकडे मागतं आणि "आणतो, तोवर झोप" असं ऐकून झोपी जातं. अशा झोपेत त्याला कुणाचाच हुकूम ऐकू येत नाही, मरणाचाही नाही. उठवायचं फक्त कारभाऱ्याने. आणि तोच विसरला होता.

ताईंनी कर्नेलची टिपणं वाचली. "सात दहाला वायर निसटून परत बसली. तेव्हा इथे कोण होतं?"

"मी केर काढत होते. पण मी काही केलं नाही हो!" मावशींचा चेहरा उतरला.

"मग तसाच काढा बघू परत."

मला नव्याने चालू केल्यावर मावशींनी केर काढला. झाडू वायरला लागला आणि चौथ्या खेपेला आकडा गोठला. ताई टाळी वाजवून म्हणाल्या, "सापडलं! मावशी, चूक तुमची नाही. वायर हलणारच. चूक याच्या कारभाऱ्याची आहे, वायर निसटली की झोपलेल्याला उठवायचं तो विसरतो."

कर्नेलची सुधारलेली प्रत आली. मावशींनी वीसदा झाडू फिरवला. "इतका केर तर घरात निघत नाही," त्या म्हणाल्या. पण आकडा गेला की परत येत राहिला. शिवाय आता आकड्याखाली मी नोंदीची वेळही दाखवतो, आणि नोंद पाच मिनिटं जुनी झाली की आकडा पुसून भोंगा वाजवतो. ठाऊक नसेल तेव्हा ठाऊक नाही म्हणायला मी या वयात शिकलो.

पुढच्या महिन्यात ती आई बाळाला घेऊन आली. तिने माझा आकडा पाहिला, खालची वेळ पाहिली आणि म्हणाली, "सिस्टर, वही?"

मला मुळीच राग आला नाही. मित्रांनो, आम्ही अडकलो तर घाईने बटण दाबू नका. आधी विचारा, कुठे अडकलास? आणि आम्ही छान चालत असलो, तरी वही मिटू नका.