डिंकाचे लाडू आणि सुटलेल्या पेशी

पौषातली सकाळ होती. आंब्याच्या कलमांवर धुकं उतरलं होतं, आणि धुक्यात मोहोर काळा पडून गळत होता. त्या सकाळी कळलं, की माझ्या बायकोच्या, सुगंधाच्या, छातीतल्या गाठीतून काहीतरी हरवलं आहे.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पेशी एकमेकींना धरून असतात, काका. धरून ठेवणारे बारीक रेणू असतात त्यांच्या अंगावर. यांच्या गाठीत त्यातला मुख्यच नाही. म्हणून पेशी सुट्या होऊन निघाल्यात."

मी गडगे रचणारा माणूस. चुना नाही, माती नाही. दगड दगडाला धरतो आणि बागेभोवती कुंपण उभं राहतं. एक दगड निसटला की पुढे काय, ते मला ठाऊक. एवढं कळलं. एवढंच कळलं.

धरत नाहीत, तर धरायला लावायचं. घरी येऊन डिंक तुपात तळला. फुलला, पांढराशुभ्र फुलला. खोबरं भाजलं, खारीक कुटली, गुळाचा पाक केला. तांबूस लाडू, ऊन लाडू, मावळतीच्या रंगाचे लाडू.

सुगंधा हसली. "अहो, हे बाळंतिणीचं खाणं. या वयात शेजारीपाजारी काय म्हणतील?"

"म्हणू देत. तू खा."

"खाते. पण दातांनी फुटत नाही हा लाडू. तुमचा गडगा परवडला, तो निदान ढासळतो तरी."

रोज एक खाई. गालांवर तुकतुकी आली, की मलाच दिसली, कोण जाणे.

माघात ऊन पिवळं झालं. उरलेल्या मोहोरानं बारीक हिरवी कैरी धरली. मॅडम म्हणाल्या, "सुटलेल्या पेशी यकृतात जाऊन चिकटल्यात. हे चिकटणं अडवणारी औषधं शोधताहेत. आपल्या हातात अजून नाहीत."

"म्हणजे आधी सुटणं वाईट होतं. आता धरणं वाईट?"

"हो, काका. जागा बदलली."

"मी तिला डिंक चारला, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. "त्याचा याच्याशी संबंध नाही. लाडवांनी काही बिघडलं नाही."

बिघडलं नाही. तरी रोज पहाटे वाटे, मी कोणाला चारत होतो? हात सोडून निघालेल्यांना, की परक्या घरात हात रोवून बसलेल्यांना? सुगंधाला विचारलं. म्हणाली, "मला चारलेत. मी खाल्ले. गोड होते."

फाल्गुनातल्या एका दुपारी वारा पडला. पान हलत नव्हतं, सावली हलत नव्हती. तिची बोटं माझ्या बोटांत होती, ऊन होती, मग कोमट होती, मग नुसती होती. आधी कोणी सोडलं, कळलं नाही. धरून होतो, एवढं आठवतं.

अस्थी घरात घेत नाहीत. पांढऱ्या फडक्यात बांधून परसातल्या फणसाला टांगल्या. आता कैऱ्यांना पाड लागला, अस्थी कधी सोडायच्या, असं भाऊबंद दोनदा विचारून गेले. वारा सुटतो, गाठोडं हलतं, वारा थांबतो, गाठोडं थांबतं.

नदीवर जायचं राहिलं आहे.