मेमरीवाल्याचा सत्कार

निमोण्यात पुतळाबाईंच्या दूध डेअरीपुढं सकाळी किटल्यांची रांग लागायची. दूध मापलं, फॅट काढलं की कंप्युटरवर नोंद व्हायची, पावती निघायची आणि मगच माणूस पुढं हलायचा. पण दिवाळीपासून तो कंप्युटर असा काही मंदावला, की पावती निघेपर्यंत म्हशीनं दुसऱ्यांदा पान्हा सोडावा. माणसं कंटाळली. एकेक किटली रस्ता ओलांडून रखमाजीच्या डेअरीत जाऊ लागली. रखमाजी म्हणजे पुतळाबाईंचा चुलतदीर.

"वहिनी," तो समोरच्या पायरीवरून हाळी द्यायचा, "कंप्युटरला जरा पेंड घाला की. म्हातारा झालाय."

पुतळाबाई ऐकून घ्यायच्या. ऐकून घेतलं म्हणजे सोडून दिलं, असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

एका दुपारी सून तेजश्री सेटिंगमध्ये शिरली. "आत्या, याला मेमरी पुरत न्हाई. डिस्कवरची जागा मेमरीसारखी वापरायला लावते. ओट्यावर दाटी झाली की आपण परात खाली ठेवतो ना, तसं. वाकावं लागतं, पण काम अडत न्हाई."

"मग ठेव की खाली. इचारतीस काय?"

तिनं आकडे बदलले, मशीन चालू होताच उगीच जागे होणारे प्रोग्रॅम बंद केले आणि मध्येच थांबली. "आपली आठ जीबी होती ना? हितं चारच दाखवतोय."

झाकण काढलं. मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एकच जागेवर होती. दुसरीची खाच रिकामी, बाजूच्या धुळीवर बोटांच्या खुणा. दिवाळीत मशीन दुरुस्तीला नेलं होतं रखमाजीच्या भाच्यानं, पृथ्वीराजनं. त्याचं शिक्रापुरात रिपेरिंगचं दुकान. आणि रखमाजीचा कंप्युटर पळायला लागला तोही दिवाळीतच.

"पोलिसात जायचं का, आत्या?"

"पोलीस चहा पिऊन जातील. तू नारळ, शाल आण. आन् फेटा, चांगला भगवा."

नव्या सेटिंगवर कंप्युटर बरा चालू लागला. पुतळाबाईंनी पृथ्वीराजला फोन लावला. "तुझ्या हातगुणानं मशीन सुधारलं बाबा. सत्कार करायचाय." आपण केलं काय, हे त्याला कळेना, पण फेट्याला नाही म्हणणारा माणूस अजून या तालुक्यात जन्मला नाही.

सकाळी रांग भरली. फेटा बांधला, शाल पांघरली, हातात नारळ दिला. समोरच्या पायरीवर रखमाजी मामेपणानं फुगून उभा. पुतळाबाईंनी माईक घेतला.

"मंडळी, हे पोरगं लई गुणाचं. माझ्या मशीनमधली निम्मी मेमरी काढून यानं समोरच्या डेअरीत बसवली. नातीगोती एवढी कोण जपतं आता? वाजवा टाळ्या."

टाळी काही वाजली नाही. पृथ्वीराजचा चेहरा फेट्याच्या रंगाला गेला. "मामी, मामा म्हणले घरचंच हाय, इकडचं तिकडं," तो पुटपुटला. पुतळाबाईंनी माईक त्याच्या तोंडाशीच धरला होता. आधी रांगेतला एक म्हातारा हसला, मग किटल्यांसकट सगळी रांग.

संध्याकाळच्या दुधाला समोरच्या बऱ्याच किटल्या इकडं वळल्या. अंधार पडायच्या आत रखमाजी कागदात गुंडाळलेली पट्टी घेऊन आला.

"चुकलं, वहिनी. ही घ्या, पण आता इषय मिटवा."

"मिटला की, भावजी. चहा घेऊन जा."

तो चहा न घेताच गेला. तेजश्रीनं स्क्रू ड्रायव्हर काढला. "लावते, आत्या. अजून जोरात पळंल."

"ऱ्हाऊ दे. आपलं भागतंय."

पुतळाबाईंनी पट्टीला काळा दोरा बांधला आणि दारावर लिंबू-मिरचीशेजारी टांगली, समोरच्या पायरीवरून नीट दिसेल अशी. पावतीला अजूनही जरा वेळ लागतो. तेवढ्यात रांगेतला माणूस एकदा वर बघतो, एकदा समोर बघतो, आणि पुतळाबाई माप ओतता ओतता गालात हसतात.