राळेपुरती उसंत

स्कूटर भोसरीला इकबालच्या गॅरेजात दिली होती. डिकी साफ करताना त्याला माझी मेंडोलिन वाजवायची प्लॅस्टिकची पट्टी सापडली आणि मी अडकलो.

"सर, तुम्ही वाजवता?"

"वाजवतो असं नाही म्हणता येणार. घरी, दार लावून."

"मग झालं की! पुढच्या महिन्यात अल्फियाचं लग्न आहे. रुख्सतीला अब्बांचीच धून पाहिजे, असं अम्मी धरून बसलीय."

अल्फिया ही त्याची मुलगी. त्याचे वडील उदगीरकडे लग्नांत सारंगी वाजवायचे. रुख्सतीला, नवरी सासरी निघताना, एकच जुनी धून, त्यांच्याही वडिलांकडून आलेली. ते गेले, सारंगीला वाळवी लागली. उरली ती कुठल्याशा लग्नात भरलेली एक कॅसेट, इकबालने फोनवर उतरवून घेतलेली. पण स्पीकरवर लावली की नुसती खरखर. ही धून येणारा सारंगीवाला त्याला मिळाला नव्हता. मी नको म्हणायला हवं होतं. मला नको म्हणायचीही भीड पडते.

निगडीच्या फ्लॅटमध्ये मी ती धून कानाला लावून बसू लागलो. जन्मभर मुद्रितशोधन केलं. दुसऱ्याचा मजकूर ताडून पाहणं एवढंच मला येतं. पण सारंगीचा सूर तारेवरून गज ओढाल तितका लांबतो. मेंडोलिनची तार छेडली की लगेच विझते. सूर टिकवायचा तर पट्टी भराभर वर-खाली हलवत राहायचं. मनगट एकाहत्तर वर्षांचं. दोन ओळी झाल्या की ते गरम पाण्यात बुडवून बसावं लागे, आणि बसल्या बसल्या वाटे, हे आपलं काम नव्हे.

त्यात धून मध्येच थांबायची. सूर तुटे, बराच वेळ खरखर, कुणीतरी हुंदका दिल्यासारखं, मग पुन्हा तोच सूर. टेप अडकली असेल असं मी ठरवलं आणि ती जागा माझ्या पट्टीनं भरून काढली.

लग्नाच्या आठवडाभर आधी गॅरेजवरच्या खोलीत इकबालच्या आईंना, साबियाआपांना, ऐकवायला गेलो. पलंगावर बसून त्या वाटाणे सोलत होत्या. मी संपवलं.

"हे त्यांचं नाही," त्या म्हणाल्या.

"अम्मी, सूर तर तेच आहेत," इकबाल म्हणाला.

"तू इंजिनं ऐक. मास्तर, धाप लागल्यासारखं काय वाजवता? एसटी सुटतीय का तुमची?"

मला हायसं वाटलं. आता सुटलो. पण त्या म्हणाल्या, "पुन्हा."

दुसऱ्यांदा त्या जागेपाशी आलो आणि मनगट चालेचना. पट्टी बोटांतून निसटून मांडीवर पडली. मी हात झटकला, चोळला. माफी मागणार, तोच आपांनी बोट वर करून मला गप्प केलं.

"हं. राळ लावतायत."

"काय?"

"गजाला राळ लावायची म्हणून ते इथं थांबायचे. नेहमी इथंच. बारातवाले ओरडायचे, उस्ताद, उरका!" त्यांनी एक शेंग फोडली. "राळ कसली! धून चालू असली की पोरीनं पाऊल थांबवायचं नाही, अशी रीत. ती बंद झाली की तेवढ्यात मागं फिरून आईबापाच्या गळ्यात पडायची."

"पण माझ्याकडे गज नाही, आपा. मी कशासाठी थांबू?"

"ते तुम्ही बघा. शिकलेले आहात."

लग्न निघोज्याजवळच्या एका हॉलमध्ये झालं. रुख्सती लांबत लांबत चार वाजले. उकाड्यानं सगळे पेंगुळले होते, मीही. अल्फिया निघाली तशी मी सुरुवात केली. पहिली ओळ बरी गेली. दुसरीत एक सूर चुकला. ती गाडीच्या दारापाशी पोचली आणि मी थांबलो. मेंडोलिन मांडीवर आडवी ठेवली, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागलो.

"ओ काका, आता काय झालं?" नवऱ्याकडचा कुणीतरी ओरडला. "उरका ना राव! चाकणच्या ट्रॅफिकमध्ये रात्र होईल."

"दिसत नाहीये," मी म्हणालो.

चष्म्याशिवाय खरंच दिसत नव्हतं. अल्फियाच्या ओढणीचा लाल रंग मागं वळून इकबालच्या पांढऱ्या कुडत्यावर गेला, एवढंच कळलं. मनगट ठणकत होतं. मी दुसरी काच पुसायला घेतली.