उपाशी पोटाचं रक्त

तीन महिने! तीन महिने वनमाला त्या मेल्या यंत्रासमोर बसत होती आणि यंत्राचा पेन काही वर चढत नव्हता. १९८४ सालची अंधेरीची ती प्रयोगशाळा, पंखासुद्धा करकरत फिरायचा.

काम तसं सोपं. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना हाका मारून गोळा होतात. ती हाक तयार करायला त्यांच्या आत एक एन्झाइम लागतं. वनमालाची सगळी पीएच.डी. त्या एन्झाइमवर. ज्यापासून ते एन्झाइम हाक बनवतं त्या रसायनाचा थेंब प्लेटलेट्समध्ये टाकायचा, त्या गोळा झाल्या की पेन वर. पण कसलं काय! पेन ढिम्म. आणि उद्या दुपारी तिचे गाइड श्यामकांत सर पैसे देणाऱ्या दिल्लीच्या ऑफिसला कळवणार होते, की हे काम बंद करतोय.

रक्त द्यायचा दत्ताराम, लॅबचा शिपाई. जोगेश्वरीहून दर गुरुवारी उपाशी पोटी यायचा, कारण खाल्लेलं असलं की नमुना गढूळ होतो. वनमालाच्या स्वतःच्या हातात शीरच सापडत नसे. "औषध घेतलंस?" ती दर वेळी विचारायची. "नाय ओ म्याडम," तो दर वेळी सांगायचा.

आजही पेन हलला नाही. वनमाला डोकं धरून बसली. दत्तारामनं खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

"ही घेवा म्याडम. उपाशी ऱ्हवलंय की माजा डोक्या दुखता, म्हणान गुरुवारी सकाळीच एक घेतंय. लगेच गुण येता."

वनमालानं पट्टी उलटी करून वाचली. अ‍ॅस्पिरिन! एक गोळी, की ते एन्झाइम कायमचं ठार. नव्या प्लेटलेट्स तयार व्हायला आठ-दहा दिवस.

"अरे, मी विचारत होते ना रे औषध घेतलंस का!"

"ह्या काय औषद? पानवाल्याकडे गावता. औषद डॉक्टर देतत."

त्याच्यावर ओरडावं की स्वतःच्या थोबाडीत मारावी, तिला कळेना. उपाशी राहायला तीच तर सांगत होती. ती तशीच सरांच्या खोलीत घुसली.

"सर, दत्ताराम दर गुरुवारी अ‍ॅस्पिरिन घेऊन येत होता. दहा दिवस द्या."

"पत्र टाइप झालंय, वनमाला. तीन महिन्यांत तुला एका माणसाला नीट विचारता आलं नाही?"

हे मात्र तिला सपकन लागलं. डोळे भरून आले, पण ती हलली नाही.

"सर, तुम्ही डोकेदुखीची गोळी घेता?"

"मला अल्सर आहे. डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय. का?"

"आज काय खाल्लंत?"

"अजून काही नाही."

"मग बाही वर करा."

कुरकुरत सरांनी बाहीचं बटण सोडलं.

तासाभरानं थेंब पडला आणि पेन सरसर वर चढत गेला, थेट कागदाच्या कडेपर्यंत. सरांनी टाइप केलेलं पत्र खणात टाकलं. दत्तारामनं टाळ्या वाजवल्या. वनमाला मात्र स्टुलावर बसून हमसून हमसून रडली, त्या बारा गुरुवारांसाठी.