भिकुबाईला काय आवडतं

“नको,” म्हणून हान साहेबांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर लोटनने त्या हातांच्या फटीतून भरीत वाढलं.

नरडाण्याच्या सूतगिरणीत कोरियाहून नवी मशिनं आली होती आणि मशिनांसोबत ती बसवायला हान साहेब. आल्या दिवशी कुणीतरी त्यांना ‘नको’ हा एकच शब्द शिकवला आणि त्यांचा घात केला. कारण खान्देशात पाहुण्याचा पहिला नको हा नमस्कार असतो, दुसरा नको म्हणजे वाढा, आणि तिसऱ्या नकोला वाढप्याने पातेलं पुढ्यात ठेवून बसायचं असतं. गिरणीच्या गेस्ट हाउसचा स्वयंपाकी म्हणून लोटनने हा धर्म वीस वर्षं पाळला होता. त्याच्या भरताला आसपासच्या दहा गावांतून लग्नाची आमंत्रणं येत. त्यामुळे हान साहेब जितके कळवळून नको म्हणाले, तितकं भरीत त्यांच्या ताटात पडलं. पाचव्या दिवशी साहेबांनी अंथरूण धरलं आणि मशिनं तीन दिवस गोणपाटात बसून राहिली.

मग मॅनेजरने साहेबांकडूनच दोन शब्द विचारून घेतले आणि खडूने स्वयंपाकघराच्या दारावर लिहिले. चोआयो म्हणजे आवडतं. शिरॉयो म्हणजे नाही आवडत. खाली हुकूम : आधी वाटीत चव द्यावी, विचारावं, मगच वाढावं.

लोटनला हे फार लागलं. घरी जेवताना त्याने बायकोला सांगितलं, “वाटी तोंडाले लावस आनि तोंडावर सांगस, शिरॉयो. माले नही आवडस म्हने.”

भिकुबाई भाकरी थापता थापता थांबली. “असं तोंडावर सांगस?”

“तोंडावर.”

“मंग तुम्ही काय करतस?”

“काय करसू? दुसरं रांधस.”

भिकुबाई पदर तोंडात धरून इतकी हसली, की तव्यावरची भाकरी करपली. करपलेली तिने स्वतःसाठी बाजूला ठेवली. “काय म्हनस तो? परत सांगा बरं,” ती म्हणाली. नंतर भांडी घासताना ती तो शब्द राखेसोबत घोळवत असल्याचं लोटनने ऐकलं.

सहा महिन्यांत लोटन साहेबांचा पंडित झाला. कोथिंबीर शिरॉयो. ठेचा चोआयो, पण सकाळी शिरॉयो. वरण शिरॉयो, वरणातला लसूण चोआयो. असे सदतीस जिन्नस त्याला तोंडपाठ होते. याच सहा महिन्यांत भिकुबाईच्या पोटात दुखत होतं. त्याने एकदा विचारलं, “दवाखानामा जाऊत का?” ती म्हणाली, “नको.” आणि आयुष्यभर कुणाचा नको न मानणाऱ्या या माणसाने बायकोचा पहिलाच नको मानला.

शेवटी दुखणं सोसवेना तेव्हा त्याने तिला नेलं, तर धुळ्याच्या डॉक्टरांनी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि लोटनला आत बोलावलं. कागद उलटे करून ठेवले. “घरी घेऊन जा,” ते म्हणाले. “आता पथ्य वगैरे काही नाही. त्यांना जे आवडतं ते खाऊ घाला.”

लोटनने मान डोलावली. जिना उतरताना चौथ्या पायरीवर त्याने कठडा धरला. भिकुबाईला काय आवडतं? लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. त्याने डोकं खूप खाजवलं, तर आत सगळे हान साहेबच निघाले.

एसटीत त्याने विचारून पाहिलं. “तुले काय आवडस?”

“माले काय, काहीबी चालस.”

“काहीबी नावनं काही नही रांधाले येत.”

“मंग जे व्हई ते,” भिकुबाई म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

त्याने रजा टाकली आणि घरची चूल ताब्यात घेतली. पहिल्या दिवशी शेवभाजी केली, दुसऱ्या दिवशी वरण-बट्टी. ती प्रत्येक घासाला “चांगलं शे” म्हणायची आणि दुसरा घास घ्यायची नाही. त्याची थोरली बहीण वच्छलाअक्का मदतीला येऊन राहिली होती. ती दारातून म्हणायची, “इतकं करी ऱ्हायना बिचारा, खाय ना बाई.” मग भिकुबाई आणखी एक घास कसाबसा ढकलायची. गावात म्हणू लागले, लोटनने बायकोची काय सेवा चालवलीय.

तिसऱ्या दिवशी त्याने हुकमी पान काढलं. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली, लाकडी बडगीत ठेचली, तेल सोडलं. भरीत वाटीत घेऊन तो खाटेशी बसला. पण तिचं तोंड ‘चांगलं शे’ म्हणायला उघडतंय हे दिसलं आणि त्याने वाटी मागे घेतली.

“तसं नको. साहेब सांगस तसं सांग. चोआयो का शिरॉयो?”

भिकुबाईने मान वळवून अक्का दारात नाही ना ते पाहिलं.

“शिरॉयो,” ती म्हणाली.

“काय?”

“शिरॉयो. पयलेपासून.”

दहा गावांचं भरीत लोटनच्या हातात तसंच राहिलं. नवऱ्याच्या हातचं नाही आवडत, हे वाक्य तिच्या बोलीत तिला तेवीस वर्षांत जमलं नव्हतं. परक्याच्या बोलीत ते एका शब्दात झालं. आणि एकदा झाल्यावर तिला गोडी लागली. उशीला टेकून तिने दरबारच भरवला.

“बट्टी?” लोटनने विचारलं.

“शिरॉयो.”

“शेवभाजी?”

“शिरॉयो. डोळामा पानी येस.”

“अमळनेरहून हिरवं लुगडं लयनू व्हतू ते?”

“शिरॉयो, शिरॉयो,” ती हात झटकत म्हणाली. मग आवाज बारीक करून तिने हनुवटीने दाराकडे खूण केली. “वच्छलाअक्का.”

लोटनला हसू आवरेना. बाहेरून अक्काने विचारलं, “काय म्हनी ऱ्हायनी ती?”

“दवाईनं नाव शे,” लोटन म्हणाला, आणि भिकुबाईने तोंडावर पदर धरला. हसण्याने तिला कळ आली. ती कळ ओसरेपर्यंत तो तिचा पंजा धरून बसला.

“मंग चोआयो काय?” त्याने हळूच विचारलं.



“पयली भाकर,” ती म्हणाली. “तवावरनी, गरम. कळन्यानी. मी कधी खादीच नही. बठ्ठा घरनं जेवन व्हवापर्यंत गार व्हई जास.”

लोटनने उभ्या जन्मात भाकरी थापली नव्हती. गेस्ट हाउसात भाकऱ्यांना बाई होती. त्याने परात ओढली, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ मळलं. पहिली परातीतच फाटली. दुसरी उचलताना दुमडली आणि हातावर गुंडाळून बसली. तिसरी तव्यावर पोचली, पण अर्धीच. अक्का उठून आली, “सरक, मी करस,” म्हणाली. तो सरकला नाही. चौथी तव्यावरून निखाऱ्यावर टाकली आणि तो गुडघ्यांवर हात ठेवून पाहत राहिला. ती एका अंगाने वर आली, मग दुसऱ्या, आणि टम्म फुगली.

त्याने धावत ताट नेलं. पापुद्रा सोडवताना वाफेने बोटं भाजली. पापुद्र्यावर तेलाचा थेंब, मिठाची चिमूट. भिकुबाईने तो जिभेवर धरला आणि डोळे मिटून फार हळूहळू चघळला.

“चोआयो,” ती म्हणाली.

तेवढंच तिच्याने गेलं. ते तिचं शेवटचं खाणं ठरलं. पुढचे दोन दिवस चमच्याने पाणी, आणि मग तेही नाही.

त्या दिवशी मात्र तो पापुद्रा खाऊन ती भिंतीकडे तोंड करून निजली. अक्का ताट उचलायला आली. “दे, गायले टाकी देस.”

“ऱ्हाऊ दे,” लोटन म्हणाला. त्याने ताट स्वतःकडे ओढलं, मांडी घातली आणि तिची उरलेली भाकरी मोडली.

“लोटन, बायकोनं उष्टं खास का रे?”

भाकरी गार होऊन चिवट झाली होती. तो एकेक तुकडा नीट चावत होता. अक्का दारात उभी राहून पाहत राहिली. मग ती आत आली आणि पाण्याचा तांब्या त्याच्या ताटाजवळ सरकवून ठेवला.